दुष्काळ कोणत्या शब्दाखाली शोधायचा?

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९६३ मध्ये एक लहानसा कायदा केला. राज्यात लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकणे, एवढाच त्याचा विषय. शेतीच्या स्थितीवर सरकारची सतत नजर असते आणि टंचाईची चिन्हे दिसताच मदतकार्य सुरू होते, तेव्हा दुष्काळ पडायला आता वावच उरलेला नाही, अशी त्यामागची भूमिका होती. नऊच वर्षांनी १९७२चा दुष्काळ पडला. लोकांच्या तोंडी तो आजही 'बहात्तरचा दुष्काळ' आहे. सरकारी कागदांत मात्र 'टंचाई' हाच शब्द रुळला.

हा शब्दबदल राजकीय टीकेसाठी पुष्कळदा सांगितला जातो, आणि तो तसा सांगण्याजोगाही आहे. मला तो इथे निराळ्या कारणाने आठवतो. बहात्तरच्या दुष्काळावर आपल्या विद्यापीठांत गेल्या पन्नास वर्षांत काय संशोधन झाले, हे एखाद्या विद्यार्थिनीला पाहायचे आहे असे समजा. ती संगणक उघडते आणि शोधाच्या चौकटीत काय लिहिते? दुष्काळ, अवर्षण, टंचाई हे तीन शब्द तर हवेतच. इंग्रजीतले ड्रॉट, फॅमिन आणि स्कॅर्सिटीही हवेत. शिवाय 'दुष्काळ' हा शब्द रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जातो, त्या सगळ्या तऱ्हा हव्यात. एवढे करूनही हाती येईल तो एक तुकडा असेल. भूगोलाच्या विभागात हाच विषय 'पर्जन्यमानातील चढउतार' म्हणून मांडला जातो, अर्थशास्त्रात तो 'रोजगार हमी योजना' या शीर्षकाखाली जातो, कृषी विद्यापीठात कोरडवाहू ज्वारीच्या वाणांमध्ये, अभियांत्रिकीत पाणलोटाच्या आराखड्यांमध्ये, समाजशास्त्रात ऊसतोडणी कामगारांच्या स्थलांतरात, आणि मराठीच्या विभागात ग्रामीण कादंबरीच्या चौथ्या-पाचव्या प्रकरणात. गावातल्या माणसाने एकच दुष्काळ सोसलेला असतो. विद्यापीठाच्या कपाटांत तो सहा ठिकाणी सहा नावांनी पडून राहतो.

प्रबंध जालावर असणे आणि प्रबंध सापडणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली पार पडली की दुसरी आपोआप होते, असे आपल्या विद्यापीठांनी मानून घेतले आहे. प्रबंध सापडेल अशी व्यवस्था करणे ही वाचकाची हौस किंवा ग्रंथपालाची मेहेरबानी नसून पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे कर्तव्य आहे, आणि ते पदवीच्या प्रक्रियेतच बसवले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

पहिल्या गोष्टीचे श्रेय मात्र नीट दिले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक केले, आणि २०१६ च्या नियमांनी पदवी जाहीर होण्याआधीच ती प्रत इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राकडे पोहोचली पाहिजे, असे सांगितले. गांधीनगरच्या या केंद्राने उभारलेल्या शोधगंगा या ऑनलाइन भांडारात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि ते कोणालाही, पैसे न मोजता, घरबसल्या वाचता येतात. शोधगंगोत्री ही तिची धाकटी बहीण चालू संशोधनाच्या सिनॉप्सिस ठेवते. ज्यांनी प्रबंध पाहण्यासाठी विभागप्रमुखांचे पत्र, मग ग्रंथपालांची सही, मग 'झेरॉक्स काढता येणार नाही, हाताने टिपणे घ्या' ही अट, आणि शेवटी 'ते कपाट ज्यांच्या ताब्यात आहे ते आज रजेवर आहेत' हे उत्तर असा प्रवास केला आहे, त्यांना या बदलाचे मोल वेगळे समजावून सांगायला नको. मरून रंगाच्या कापडाची बांधणी आणि तिच्यावरची सोनेरी अक्षरे हीच ज्या ग्रंथाची एकमेव प्रसिद्धी होती, तो आता निदान कोणाच्या तरी पडद्यावर उघडू शकतो.

पण मग त्या विद्यार्थिनीकडे परत यावे लागते, कारण तिची खरी अडचण इथून पुढे सुरू होते. शोधगंगेची मूळ मांडणी विद्यापीठ, विभाग, मार्गदर्शक अशी आहे. म्हणजे प्रबंध कोणत्या संस्थेतून आला, हे आधी ठाऊक असेल तर वाट सोपी. महाराष्ट्रात मात्र विद्यापीठांची हद्द आणि नाव या दोन्ही गोष्टी सतत बदलत आल्या आहेत. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये निघाले; त्यामुळे नांदेड, परभणी किंवा लातूरवरचे त्याआधीचे संशोधन औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावावर आहे, आणि त्या विद्यापीठाचेही त्याच वर्षी नामांतर झाले. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ २००४ मध्ये मिळाले. तोवर तिथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ चे. त्याआधीचा गडचिरोली-चंद्रपूर शोधायचा तर नागपूरला गेले पाहिजे. पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये नवे नाव मिळाले. गोवा विद्यापीठ १९८५ चे, आणि त्याआधी गोव्यातले पदव्युत्तर काम मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली चालत होते. दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्याला हवा असतो माण, सांगोला, पाटोदा, आष्टी असा तालुका. तालुका हा मात्र नोंदीतला रकानाच नाही. शीर्षकात आला तर आला, नाहीतर तो प्रबंधाच्या पोटात गडप.

प्रबंधाच्या पोटात शिरून शोधावे म्हटले, तर मराठीची खास अडचण आडवी येते. इंग्रजी प्रबंधातला मजकूर संगणकाला वाचता येतो, म्हणून एखाद्या शोधयंत्राला पान ११८ वरचे गावाचे नावही सापडते. मराठी प्रबंध मात्र वर्षानुवर्षे डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी, कृतिदेव किंवा तशाच एखाद्या जुन्या फाँटमध्ये टाइप झाले. कागदावर ते देखणे दिसतात. संगणकाच्या दृष्टीने त्यात मराठीचे एकही अक्षर नसते. तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची अर्थहीन रांग असते, जिला त्या फाँटने वरून देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. त्याहून जुने प्रबंध टंकलिखित आहेत आणि त्यांची पाने स्कॅन करून ठेवलेली आहेत, म्हणजे ती नुसती छायाचित्रे आहेत. दोन्ही प्रकारांत 'दुष्काळ' हा शब्द शंभर वेळा आलेला असला तरी शोधणाऱ्याच्या हाती शून्य येते. शीर्षकांची गतही फारशी निराळी नाही. मराठी शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, कधी इंग्रजी भाषांतर करून नोंदवलेले असते. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत 'डी-एन-वाय'ने, 'जे-एन'ने आणि 'जी-वाय'ने सुरू होऊ शकते, आणि या तिन्ही वाटांनी निरनिराळे प्रबंध निघतात. ज्या भाषेत ज्ञानेश्वरांवरचे प्रबंध शोधताना अशी तारांबळ उडते, तिथे बाकीच्या विषयांची कथा काय सांगावी!

भरीला प्रबंध एका फाइलीत नसतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, एकेक प्रकरण, संदर्भसूची अशा वेगवेगळ्या फाइली असतात आणि त्यांची नावेही साचेबद्ध क्रमांकांची. मंद इंटरनेटवर एकेक प्रकरण उतरवून घेता यावे, ही त्यामागची सोय मला मान्य आहे. पण एखादे प्रकरण अपलोड करायचे राहून गेले तर ते कोणाच्या लक्षात येत नाही, कारण अपलोड करणारा ते वाचत नसतो आणि वाचणाऱ्याला तक्रार कोणाकडे करायची हे कळत नाही. आपण शोधत असलेले नेमके चौथे प्रकरण गायब, आणि ऋणनिर्देश मात्र दोनदा, असा अनुभव मीही घेतला आहे. (त्या ऋणनिर्देशात ग्रंथपालांचे आभार मानलेले होते.)

शोधगंगा हीच सगळी गंगा नाही, हेही फार कमी विद्यार्थ्यांना सांगितले जाते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांतले प्रबंध पाहायचे तर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या 'कृषिकोश' या भांडारात जावे लागते, आणि तिथे एम.एस्सी.चे प्रबंधही मिळतात. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांची स्वतःची भांडारे आहेत. पुण्याच्या गोखले संस्थेचेही स्वतंत्र भांडार आहे. ही बेटे एकमेकांशी बोलत नाहीत. रोजगार हमीवर काम करणारा अर्थशास्त्राचा विद्यार्थी शोधगंगा पाहून थांबतो; त्याच हमीच्या कामांवर झालेल्या मृद्संधारणाचा पिकावर काय परिणाम झाला, हे मोजणारा कृषी पदवीधर त्याच्यापासून साठ कोसांवर बसलेला असतो, आणि दोघांची भेट होत नाही. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला आणि तो १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला. पुढे देशव्यापी कायदा झाला तेव्हा या अनुभवाचा दाखला सर्वत्र दिला गेला. एवढ्या मोठ्या प्रयोगावरचे आपले संशोधन एकाच ठिकाणी नजरेखाली येत नसेल, तर त्याचे नुकसान विद्यार्थ्यापुरते राहत नाही. धोरण आखणारेही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

सर्वांत मोठी पोकळी आहे ती पदव्युत्तर लघुप्रबंधांची. एम.ए., एम.एड., एम.एस.डब्ल्यू., एलएल.एम. आणि एम.आर्क. या अभ्यासक्रमांतले हजारो लघुप्रबंध दरवर्षी जमा होतात आणि गुण लागले की रद्दीच्या वाटेला लागतात, कारण केंद्रीय नियम पीएच.डी.वरच बेतलेले आहेत. एम.फिल. ही पदवी तर २०२२ च्या नियमांनी बंदच झाली. तिचे जुने लघुप्रबंध कोणी सांभाळायचे, हा प्रश्न त्या पदवीबरोबर बंद झालेला नाही. यावर 'एम.ए.च्या पोरांच्या कामात असते काय?' असे विचारले जाते. त्यातले बरेचसे सामान्य असते, हे मी नाकारत नाही. तरीही दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. या लघुप्रबंधांत एका वस्तीची, एका बाजाराची, एका वाड्याची किंवा एका आश्रमशाळेची त्या वर्षीची पाहणी असते, आणि ती पाहणी दुसरीकडे कुठेही नसते. आणि कोणाच्या हातचे काम पुढे मोलाचे ठरेल, हे पदवीच्या वेळी कोणालाच सांगता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये एम.ए.साठी प्राचीन भारतीय व्यापारावर लिहिलेला प्रबंध पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेत छापला गेला, तो छापण्याजोगा हाती राहिला म्हणून.

परदेशाचे नाव निघालेच आहे तर आपल्याच समाजाविषयीचे किती संशोधन तिकडच्या भांडारांत आहे, हेही पाहायला हवे. एलिनॉर झेलियट यांनी महार चळवळीवरचा प्रबंध १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, तर गेल ऑम्व्हेट यांनी ब्राह्मणेतर चळवळीवरचा प्रबंध १९७३ मध्ये बर्कलीत सादर केला. अमेरिकेतल्या अशा प्रबंधांच्या सूक्ष्मचित्रफिती करण्याचा धंदा अ‍ॅन आर्बरच्या एका कंपनीने १९३८ पासून उभारला. आज तोच साठा प्रोक्वेस्टच्या नावाने वर्गणी भरणाऱ्या ग्रंथालयांना मिळतो. बीडच्या महाविद्यालयाला ती वर्गणी परवडत नाही. म्हणजे बीडवर तिकडे काय लिहिले गेले, ते बीडमध्ये वाचता येत नाही; आणि बीडमध्ये मराठीत काय लिहिले गेले, ते तिकडच्या अभ्यासकाला सापडत नाही. या दुसऱ्या वाक्याला मात्र अमेरिका जबाबदार नाही.

खुलेपणाविरुद्धचे आक्षेप गंभीरपणे घेतले पाहिजेत, कारण ते विद्यापीठांच्या आवारात दबक्या आवाजात रोज ऐकू येतात. पहिला आक्षेप चोरीचा. प्रबंध सहज सापडू लागले तर ते सहज उचललेही जातील, असे मार्गदर्शक म्हणतात. खरे तर चोरी सर्वांत सुखाने होते ती न सापडणाऱ्या प्रबंधातून. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, साठ टक्क्यांहून अधिक साम्य निघाले तर नोंदणीच रद्द होऊ शकते, आणि हे साम्य तपासणारी आज्ञावली शोधशुद्धी योजनेतून विद्यापीठांना पुरवली जाते. परंतु ही आज्ञावली तुलना करते ती संगणकाला वाचता येणाऱ्या मजकुराशी. जुन्या फाँटमधला किंवा छायाचित्रातला मराठी प्रबंध तिला दिसतच नाही. त्या प्रबंधातली ऐंशी पाने कोणी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला अक्षरे ओळखता येतील अशा लिपीसंकेतात, नव्याने टाइप करून आपल्या नावावर खपवली, तरी अहवालात साम्याचा आकडा निर्मळ येईल. मराठीतली उचलेगिरी रोखायची असेल तर मराठी प्रबंध आधी शोधण्याजोगे करा, याला दुसरी वाट नाही.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. मराठीत प्रबंधाचे पुस्तक होते, प्रकाशक दोन-तीन वर्षे घेतो, आणि मजकूर आधीच फुकट मिळत असेल तर तो हात आखडता घेतो, अशी लेखकाला भीती वाटते. मुलाखती दिलेल्या माणसांची नावे उघडी पडण्याचाही धोका असतो, विशेषतः अत्याचार, आजार किंवा जातीय हिंसा यांवरच्या कामात. अशा वेळी पूर्ण मजकूर ठरावीक मुदतीपुरता बंद ठेवायला माझी हरकत नाही. पण नोंद आणि सारांश पहिल्या दिवसापासून उघडा असला पाहिजे. असा प्रबंध आहे, अमुक प्रश्नावर आहे, अमुक वर्षी खुला होईल, एवढे कळले तरी पुढचा अभ्यासक तीच वाट पुन्हा तुडवत नाही. फ्रान्समध्ये तर लिहून व्हायच्या प्रबंधांचीही नोंद राष्ट्रीय सूचीत दिसते. जपानने २०१३ पासून डॉक्टरेटचा प्रबंध छापण्याऐवजी इंटरनेटवर प्रसिद्ध करण्याचा नियम केला.

तिसरा आक्षेप कोणी उघड मांडत नाही, पण तोच खरा असावा असा माझा संशय आहे. प्रबंध वाचले जाऊ लागले तर मार्गदर्शकही वाचले जातील. पन्नास वर्षांत एकाच विषयावर, जिल्ह्याचे नाव तेवढे बदलून, एकाच साच्याचे किती प्रबंध झाले, हे एका नजरेत दिसेल. दिसू द्यावे.

हे सगळे करायला लागते तरी काय? विषयाला मान्यता देणाऱ्या समितीपासून (आरआरसी) शेवटच्या तोंडी परीक्षेपर्यंत (व्हायवा) विद्यार्थी डझनभर अर्ज भरतो. त्यातच आणखी एक पान असावे, आणि ते भरल्याशिवाय तात्पुरते प्रमाणपत्र मिळू नये. शीर्षक देवनागरीत आणि रोमनमध्ये, प्रबंध कोणत्याही भाषेत असला तरी मराठीतून तीनशे शब्दांचा सारांश, अभ्यासक्षेत्रातली गावे व तालुके, अभ्यासाचा कालखंड, आणि त्या विषयाला इतर ज्ञानशाखांत व लोकव्यवहारात जे शब्द आहेत तेही. हे पान विद्यार्थ्याने भरावे आणि ग्रंथपालाने तपासावे. सध्या ते काम अनेक ठिकाणी कंत्राटी डेटा एन्ट्री करणाऱ्याच्या अंगावर पडते, आणि भौतिकशास्त्र व भारूड या दोन्ही विषयांच्या नोंदी त्यानेच अचूक कराव्यात ही अपेक्षा अन्यायाची आहे. मराठी प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारावेत, ही अट आजही प्रत्येक विद्यापीठाने कागदावर आणि प्रत्यक्षात पाळली पाहिजे. जुन्या छायाचित्रांतून मजकूर काढून घेण्यासाठी टेसरॅक्टसारखी मुक्त आज्ञावली मराठी वाचू शकते. ती चुका करते, जोडाक्षरांवर अडखळते, पण शोधण्यापुरते काम नव्वदच्या दशकातल्या बऱ्याशा टंकलिखितावरही निभावते. आयोगाने जुन्या प्रबंधांच्या अंकीकरणासाठी विद्यापीठांना अर्थसाहाय्य दिले होते; आता ते या दुसऱ्या टप्प्यासाठी द्यावे.

आणि एकाच गंगेवर सगळा भार टाकू नये. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला, तेव्हा त्या देशातल्या प्रबंधांची 'इथॉस' ही सूची दीर्घकाळ बंद पडली. ज्या विद्यापीठांनी स्वतःच्या भांडारात प्रत आणि नोंद नीट ठेवली होती, त्यांचे वाचक तरले. आपल्याकडे कित्येक ग्रंथालयांत 'प्रबंध शोधगंगेवर आहे' असे सांगून स्वतःची सूची अद्ययावत करणे थांबलेले दिसते.

ही घाई मी आत्ताच करतो आहे, याला एक तातडीचे कारण आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, आणि पुढच्या वर्षी अहमदनगरचे अहिल्यानगर. ही तिन्ही नावे दुष्काळाच्या प्रत्येक अभ्यासात येतात. यापुढचे प्रबंध नव्या नावांनी जमा होतील, मागचे जुन्या नावांनी पडून राहतील, आणि नोंदीत दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहिण्याची तरतूद झाली नाही, तर आणखी वीस वर्षांनी शोधणाऱ्याला असे वाटेल, की धाराशिवात २०२३ च्या आधी कधी पाऊस चुकलाच नव्हता.